निर्दोष ससा आणि खडूची टेकडी

लंडन न पाहता विलायतेहून परतलेला माणूस आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यात संशयास्पद ठरतो. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे रेड्डी गारू, म्हणजे तेलुगूतले रेड्डीसाहेब, चहाला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "क्या क्या देखे, पेशकारसाब? रानी का महल देखे?"

मी सांगितलं, नाही. विमानतळावरून मुलीनं थेट दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका गावात नेलं, आणि तीन आठवडे आम्ही एका टेकडीवर फुलपाखरं मोजली.

रेड्डी गारूंनी कप खाली ठेवला. "तितलियाँ? इत्ता दूर जाके? इधर नइं थे क्या?"

प्रश्न बिनतोड होता. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. शिवाय या प्रवासात माझ्यामुळे एका निरपराध प्राण्यावर बालंट आलं होतं. तेही कुठंतरी नोंदलेलं बरं.

मी तीस वर्षं दिवाणी न्यायालयात पेशकार होतो. म्हणजे न्यायाधीशांच्या पायथ्याशी बसून कागद पुढे सरकवायचे, साक्षी लिहून घ्यायच्या आणि पुढची तारीख द्यायची. या कामानं माणूस विद्वान होत नाही, पण झुली, पट्टे आणि "हुजूर, हुजूर" यांच्यामागे काय असतं ते त्याला फार जवळून दिसतं. निवृत्त झालो त्याच सुमारास देशाचा बाजार खुला झाला. आमची मंजिरी, जिला नारायणगुड्याच्या शाळेत मराठी माध्यमात घातलं म्हणून नातेवाईक हळहळले होते, ती संगणक शिकली आणि कंपनीनं तिला इंग्लंडला धाडलं. तिथल्या जुन्या यंत्रांना नवं शतक कसं समजवायचं, असं काहीसं तिचं काम होतं. वर्षभरानं तिनं आम्हा दोघांची तिकिटं पाठवली.

आमच्या सामानात गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याच्या दोन बाटल्या, उस्मानिया बिस्किटांचे सहा पुडे आणि मालतीच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला बाळकृष्ण होता. मालती म्हणजे माझी पत्नी. देवाला सामानात द्यायला ती तयार नव्हती. "बॅगा हरवतात," ती म्हणाली, आणि विमानकंपनीनं तिचं म्हणणं खरं केलं. लोणच्याची बॅग आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचली, आणि ती आणून देणाऱ्या माणसानं गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

खडूची टेकडी

मंजिरी सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. मधल्या वेळात आमचा ताबा शेजारच्या मिसेस हॉलंड यांनी घेतला. वय शहात्तर. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. एका गुडघ्याला पट्टा, डोक्यावर गवताची हॅट. त्या हॅटमध्ये पूर्वी एखाद्या पक्ष्यानं संसार केला असावा. पहिल्या दिवशी त्या जॅमची बरणी घेऊन आल्या. मालतीनं बिस्किटं पुढे केली. त्यांनी एक चहात बुडवून खाल्लं, विचार केला आणि विचारलं, "हे गोड आहे की खारट?"

"बोथ," मालती म्हणाली. मालतीचं इंग्रजी एवढंच आहे असं नाही, पण एवढ्यावर दोघींची मैत्री झाली आणि पुढेही फारशा शब्दांची गरज पडली नाही.

घराच्या मागे टेकडी होती आणि टेकडीच्या पलीकडे समुद्र. टेकडी खडूची. खरोखरच. मेंढ्यांच्या खुरांनी जिथं गवत खरवडलं होतं तिथं आत पांढरंशुभ्र दिसत होतं. आमच्याकडचे काळे खडक एकावर एक रचल्यासारखे उभे असतात, वारा आला तरी पडतील असं वाटतं आणि हजारो वर्षं पडत नाहीत. म्हणून हल्ली ते सुरुंगानं फोडतात आणि त्या जागी ‘रॉक व्ह्यू’ नावाची कॉलनी बांधतात. इकडची टेकडी मऊ, गोल, अंगावर शाल ओढून कुशीवर झोपलेल्या माणसासारखी. मी मंजिरीला म्हटलं, "आमच्याकडे फळा आहे आणि यांच्याकडे खडू. इतिहास यांनी लिहिला यात नवल काय?" मंजिरी म्हणाली, "बाबा, हे मिसेस हॉलंडना ऐकवू नका." मी ऐकवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खडू पुसता येतो, हे विसरू नका."

मालतीनं एक खडा उचलून आणला आणि मंजिरीच्या दारात रांगोळी काढली. टपालवाला दोन दिवस ती ओलांडायला बिचकत होता.

दर आठवड्याला मिसेस हॉलंड टेकडीवर फुलपाखरं मोजायला जात. हे मोजणं म्हणजे हौस असेल अशी माझी समजूत होती. ते कोर्टाच्या कामाहून कडक निघालं. ठरलेलीच वाट, ठरलेलाच वेग. ऊन हवं, वारा बेताचा हवा. समोर चार-पाच पावलांवर एक अदृश्य चौकट धरायची. तिच्यात आलं तेच मोजायचं, बाहेरचं कितीही सुंदर असलं तरी नाही. आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं.

"शून्य कशाला लिहायचं?" मी विचारलं. "जागा कोरी सोडली तर?"

"कोरी जागा म्हणजे मी गेलेच नाही," मिसेस हॉलंड म्हणाल्या. "शून्य म्हणजे मी गेले, पाहिलं, आणि नव्हतं."

तीस वर्षांत कोणत्याही न्यायाधीशानं पुराव्याचा कायदा मला इतका सोपा करून सांगितला नव्हता. त्यांची नोंदवही जाड होती, रकाने हातानं आखलेले, शाई निळी. अशी वही हाताळणाऱ्या माणसाविषयी मला आपोआप आदर वाटतो.

त्या वाटेवर पाय पडला की ओव्यासारखा वास सुटायचा. ते जांभळ्या फुलांचं, जमिनीला चिकटलेलं रानटी थाइम. मालतीनं पान चुरगाळून हुंगलं. "भज्यांत घालता येईल हो," ती म्हणाली. हातरुमालाएवढ्या जागेत मी नऊ निरनिराळी पानं मोजली आणि कमरेत उसण भरली. वर आभाळात चंडोल गात होता. दिसत नव्हता, पण श्वास न घेता गात होता, अगदी आमच्या एका सरकारी वकिलांसारखा. एक छोटा शिकारी पक्षी हवेत एकाच जागी पंख थरथरवत थांबला होता. आणि खाली, पिवळ्या फुलांवरून, निळी फुलपाखरं. निळी म्हणजे कसली निळी! नव्या कोऱ्या कांजीवरमचा पदर उन्हात हलला की क्षणभर दिसतो तो निळा. नर निळे, माद्या तपकिरी. त्यांच्या अळ्यांची राखण मुंग्या करतात, कारण अळीच्या अंगातून त्यांना गोड थेंब मिळतो.

"आमच्या चपराशांचंही तसंच होतं," मी म्हटलं.

"बोलू नका," मिसेस हॉलंड म्हणाल्या, "माझा आकडा चुकतो."

टेकडीच्या पायथ्याशी, फाटकाजवळ, एक नवा फलक उभा होता. त्याच्यावर हिरवं फडकं बांधलेलं. काय आहे म्हणून विचारलं, तर कळलं की शनिवारी महापौर येऊन ते फडकं काढणार. तोवर फलकावर काय लिहिलंय ते कोणी वाचायचं नाही. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

शुक्रवारची पूजा

बरकतपुऱ्यात निवृत्त माणसाची पहाट कशी जाते ते तिथं न राहणाऱ्यांना सांगायला हवं. पाचला उठायचं, हातात आकडी आणि प्लास्टिकची पिशवी घ्यायची आणि फिरायला निघायचं. फिरणं हे निमित्त. कोणाच्या कुंपणावरून तगर, कोणाच्या फाटकावरून जास्वंद, कुठं कण्हेर, अशी देवाची फुलं गोळा करत घरी यायचं. झाड दुसऱ्याचं असतं, फूल देवाचं असतं. याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. झाडाचा मालकसुद्धा नाही, कारण तो त्या वेळी दुसऱ्याच्या कुंपणापाशी असतो.

इंग्लंडमध्ये बाळकृष्णाचे हाल होत होते. दुकानातली फुलं चकचकीत कागदात गुंडाळलेली, वास नसलेली, मालतीच्या मते आजाऱ्याला न्यावीत अशी. शुक्रवारी मला नेहमीसारखी पाचला जाग आली, तर बाहेर लख्ख ऊन. जूनमध्ये तिकडचा सूर्य झोपायला फक्त नावापुरता जातो. मी पिशवी घेतली आणि निघालो. कोणाच्या बागेतलं फूल तोडायचं नाही एवढं मला कळत होतं. परदेशात आपण देशाचे प्रतिनिधी असतो. म्हणून टेकडीवर गेलो. टेकडी कोणाचीच नव्हती.

फाटकाच्या आत, वाटेपासून जरा बाजूला, झुडपाआड उतार होता. तिथं पांढऱ्या पाकळ्यांची पिवळ्या डोळ्यांची फुलं घेतली, क्लोव्हर नावाच्या रानगवताचे थोडे गुलाबी गोंडे घेतले. मग एक काडी दिसली. वीतभर उंच, तिच्यावर दोन गुलाबी फुलं, आणि प्रत्येक फुलावर एक तपकिरी, लवदार मधमाशी बसलेली. मी हुश् केलं. माशी उठेना. पिशवीनं वारा घातला, तरी उठेना. चांगला मिनिटभर थांबलो. शेवटी वाकून पाहिलं तेव्हा कळलं, माशी नव्हतीच. फुलाचीच पाकळी माशीसारखी झाली होती. अशी लबाडी बाळकृष्णाला आवडेल असं वाटलं. काडी खुडली.

मालती खूश झाली. तिनं ती काडी देवाच्या मुकुटापाशी टेकवली. "बघा, लोण्यावर माशी बसलीय," ती म्हणाली. त्या दिवशी नैवेद्याला लोणीच होतं, खारवलेलं, पण देवानं चालवून घेतलं.

अकराच्या सुमारास मिसेस हॉलंड आल्या. हॅट हातात होती. त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या. मालतीनं चहा ठेवला.

"आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "टेकडीवर एक ऑर्किड होतं. मधमाशीसारखं फूल असतं त्याला. पूर्वी बरीच यायची. मग एकदम बंद झाली. नऊ वर्षं मी त्या उतारावर शून्य लिहितेय. या मंगळवारी एक आलं. एकच. मी कोणाला सांगितलं नाही. ऑर्किडची जागा कोणाला सांगायची नसते, लोक येऊन तुडवतात. आणि आज पाहते तर खुडलेलं. तळापासून. ससा."

"ससा?" मी म्हणालो.

"त्यांना कोवळा देठ आवडतो. मी वहीत तसं लिहिलं. आता जाळी लावीन, पण कशाभोवती लावायची?"

देव आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं. मी उठून दार ओढून घेतलं, वारा येतोय असं म्हणत. मिसेस हॉलंड चहा पिऊन, मालतीचा हात दाबून गेल्या.

दार लागल्याबरोबर मालती माझ्याकडे वळली. "अहो, ते होतं ना?"

"तेच."

"मग बोलला का नाहीत?"

"योग्य वेळ पाहून बोलतो."

"जन्मभर लोकांना तारखा दिल्यात," ती म्हणाली, "आता स्वतःला देताय."

फडकं उतरतं

शनिवारी महापौर आले. गळ्यात सोन्यासारखी साखळी, छातीवर ताटलीएवढं पदक. मला वाटलं होतं, तिकडचे समारंभ साधे असतील. फरक एवढाच की शाल नव्हती, नारळ नव्हता आणि भाषण वेळेवर सुरू झालं. संपण्याच्या बाबतीत दोन्ही देश सारखे आहेत. महापौरांनी निसर्गाविषयी प्रेम व्यक्त केलं. बोलताना ते क्लोव्हरवर उभे होते.

"हार कुठंय?" मालतीनं हळूच विचारलं.

"फुलं तोडत नाहीत इथं," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

दोरी ओढली, फडकं पडलं, टाळ्या झाल्या. फलकावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कृपया फुले तोडू नयेत.

मीही टाळ्या वाजवत होतो. माझ्यातला पेशकार ताबडतोब कामाला लागला. नियम शनिवारी जाहीर झाला, कृत्य शुक्रवारचं. फलक जागेवर होता, पण फडक्याखाली होता. वाचू न देण्याची जबाबदारी महापौरांची. कोणताही बरा वकील दहा मिनिटांत मला सोडवून आणता. मग माझी नजर मिसेस हॉलंडकडे गेली. त्या भाषण ऐकत नव्हत्या. झुडपाआडच्या त्या उताराकडे बघत होत्या.

समुद्र

रविवारी मंजिरीला सुटी होती. तिच्या गाडीतून, मिसेस हॉलंडना घेऊन, आम्ही चौघं समुद्राकडे गेलो. टेकडी तिथं एकाएकी संपते, सुरीनं कापावा तसा पांढरा कडा होतो, आणि खाली हिरवट पाणी. कड्याच्या कपारींत राखाडी-पांढरे पक्षी बसले होते. पंख न हलवता वाऱ्यावर तरंगत कड्यालगत ये-जा करत होते. पायऱ्या उतरून खाली गेलो तर वाळू नाही, सगळे गोटे. मालतीनं पुऱ्या आणि लोणचं काढलं. मिसेस हॉलंडनी गोंगुरा पावाला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. माझी दुसरी पुरी एका समुद्रपक्ष्यानं हातातून नेली. पहिला घास घेऊन त्यानं ती थुंकली नाही, याचा मालतीला अभिमान वाटला.

जेवण झालं तसं मालतीनं पर्समधून कागदाची पुडी काढली. तीन दिवसांचं निर्माल्य. देवावरची फुलं कचऱ्यात टाकायची नसतात, पाण्यात सोडायची असतात. इतके दिवस ती समुद्राचीच वाट पाहत होती. ही पुडी आज निघणार हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"हे काय?" मिसेस हॉलंडनी विचारलं.

"गॉड्स ओल्ड फ्लॉवर्स," मालती म्हणाली. "नो डस्टबिन. वॉटर."

"किती छान पद्धत," मिसेस हॉलंड म्हणाल्या.

मी मराठीत, घाईघाईनं म्हणालो, "पटकन सोड. लाट आलीय."

मालती पाण्यापर्यंत गेली. सुकलेलं क्लोव्हर सोडलं, पांढरी फुलं सोडली. मग परत आली आणि ती एक काडी, वाळलेली पण माश्या अजून ओळखू येत असलेली, माझ्या तळहातावर ठेवली. मंजिरी आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

मी मिसेस हॉलंडसमोर हात धरला आणि म्हणालो, "ससा निर्दोष आहे."

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. मी सगळं सांगितलं: पहाट, पिशवी, देव, आणि मी माशीला हाकलत होतो ते. दार ओढून घेतलं तेही सांगितलं, कारण अर्धी साक्ष ही साक्ष नसते. महापौरांचं फडकं मात्र मी मधे आणलं नाही.

"माशीला हाकलत होतात?" त्या म्हणाल्या.

"हुश् केलं. उठली नाही."

त्या हसल्या नाहीत. काडी हातात घेऊन म्हणाल्या, "नऊ वर्षांनी मला हे तीनच दिवस बघायला मिळालं. मला राग आलाय, मिस्टर वैद्य. फार आलाय. हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसती सभ्यपणे हसेन आणि तुम्हाला वाटेल की झालं."

"हो," मी म्हणालो.

मालतीनं त्यांच्याजवळ गोट्यांवर बसकण मारली. थोड्या वेळानं मिसेस हॉलंडनीच विचारलं, "देवासमोर किती वेळ होतं?"

"वन डे," मालती म्हणाली. "फ्रंट प्लेस."

"म्हणजे मी, तुम्ही दोघं आणि तुमचा देव. मी सगळ्या गावापासून लपवलं आणि शेवटी एवढ्यांनीच पाहिलं." त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "शाईनं ‘ससा’ लिहून बसलेय. तुम्ही कोर्टातले. दुरुस्ती करा."

मी कोर्टात करतात तशी केली. ‘ससा’ या शब्दावर एकच रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, कारण चूकही पुराव्यात राहिली पाहिजे. वर लिहिलं: ‘हैदराबादचा पाहुणा. पूजेसाठी. अजाणता.’ बाजूला सही. त्यांनी वाचलं आणि ‘अजाणता’खाली बोट ठेवलं. मला वाटलं, हा शब्द खोडायला सांगणार. नाही सांगितलं. काडी त्याच पानात दाबून वही मिटली.

"मुळाशी गाठ असते," जाताना त्या म्हणाल्या. "ती जगली असेल तर हिवाळ्यात जमिनीलगत पानं येतात. नसेल तर नाही. काय ते मी कळवीन. शून्य असलं तरी कळवीन."

उरलेले दोन आठवडे मी त्यांच्याबरोबर मोजणीला गेलो. गुडघा दुखायचा, म्हणून शेवटच्या वेळी त्या फाटकापाशी बसल्या आणि वही देऊन मला एकट्याला वर पाठवलं. हातात वही होती, पिशवी नव्हती. मोठा बहुमान होता, आणि त्याला ना साखळी होती ना फडकं.

पुन्हा बरकतपुरा

परतल्यावर पहिल्याच पहाटे मी आकडी घेऊन रेड्डी गारूंच्या कुंपणाशी उभा राहिलो. तगर बहरली होती. हात वर केला, खाली घेतला आणि घंटी वाजवली.

रेड्डी गारू लुंगी सावरत आले. "क्या हुआ, पेशकारसाब? सब खैरियत?"

"दो फूल लेना था. पूछने आया."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बीस साल से ले रहे ना? आज पूछ रहे?" मग आत वळून बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला एवढंच कळलं की त्यात माझ्या तब्येतीची चौकशी होती.

आता रोज विचारतो. त्यांना त्याचा त्रास होतो, कारण पहाटे ते दुसऱ्यांच्या कुंपणापाशी असायचे, आता माझ्या घंटीसाठी घरी थांबावं लागतं.

पाऊस सरला, दिवाळी झाली. टपालवाला आला की मालती माझ्याआधी फाटकाशी जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. शून्य असेल तर तेही कळवीन म्हणाल्या होत्या. पण कोरी जागा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. कदाचित गुडघा फारच दुखत असेल. कदाचित वर जाऊन पाहवत नसेल.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मालती तिळगुळाचा पाक बघत असताना, निळ्या शाईचं पाकीट आलं. मी तिथंच, शेगडीपाशी उभ्या उभ्या, वाचून दाखवलं. वार, वेळ, वारा उत्तरेकडून, ऊन नाही. मग: ‘झुडपाआडचा उतार. पानं पाच. जमिनीलगत. निरोगी.’

"म्हणजे?" मालतीनं उलथनं हातात धरून विचारलं.

"म्हणजे आहे."

तिनं शेगडी बंद केली, पत्र माझ्या हातातून घेतलं आणि बाळकृष्णासमोर, रेड्डी गारूंच्या दोन विचारून आणलेल्या तगरींशेजारी ठेवलं. पाक बिघडला. त्या वर्षी तिळगूळ दगडासारखे झाले.

पत्रात आणखी दोन ओळी होत्या, त्या मी नंतर वाचल्या. ‘जाळी लावलेली नाही. ससा निर्दोष आहे हे आपण मान्य केलं आहे. उन्हाळ्यात तुम्ही येणार असाल तर मात्र आधी कळवा, म्हणजे लावायला वेळ मिळेल.’